मजकुराला साजेसा मराठी फाँट कसा निवडावा

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका घरून श्रद्धांजलीचं कार्ड करायला आलं. पाच ओळींचा मजकूर, रात्रीचे साडेनऊ, आणि सकाळी दहाला छापून हवं. मी आधीच्या कामाची एक फाईल उघडली, नाव बदललं, फोटो बदलला, रंग काळा केला आणि त्या घरच्या धाकट्या मुलाला पडद्यावर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, ही अक्षरं हसतायत."

ती फाईल एका बारशाच्या फ्लेक्सची होती. त्यातला फाँट होता बालू: गोल, गुबगुबीत, गालांत हवा भरल्यासारखा. शुद्धलेखनात एक चूक नव्हती, तारीख बरोबर, नाव बरोबर. तरीही ते कार्ड त्या घराचं दुःख बोलत नव्हतं.

लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा कवितासंग्रह, असं अक्षरजुळणीचं काम मी रोज करतो. त्या रात्रीनंतर फाँट निवडायची एक रीत मी स्वतःला लावून घेतली. तीच इथे क्रमाने सांगतो. घरच्या कार्यक्रमाची पत्रिका स्वतः करणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल आणि छापखान्यात बसणाऱ्यालाही.

पहिली पायरी: मजकूर मोठ्याने वाचा

फाँटची यादी उघडण्याआधी मजकूर तोंडाने वाचा. कोण बोलतंय, कोणाशी, आणि किती जवळून? मग समासात एकच शब्द लिहून ठेवा: विनंती, सूचना, आमंत्रण, हाक, आठवण, हिशेब. एवढ्याने निम्मं काम होतं.

एक ओळ घ्या: "बुधवारी सकाळी पाणी येणार नाही." सेक्रेटरींनी जिन्यात लावायची ती सूचना आहे. ती बालूमध्ये लावली तर पाणी न येणं ही गंमत वाटते. खंडसारख्या उभट, चौकोनी फाँटच्या जाड वजनात, म्हणजे जाड रेघांच्या रूपात, लावली तर टीव्हीवरच्या ब्रेकिंग न्यूजसारखी अंगावर येते, वाचणाऱ्याला आधी धडकी भरते आणि मग पाणी आठवतं. पोथीच्या वळणात लावली तर आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं. मुक्ताच्या मध्यम वजनात लावा, "बुधवारी" तेवढं जाड करा, आणि शेजारच्या काकूंनी दारात येऊन सांगावं तशी ती नीट पोचते. शब्द चारही वेळा तेच होते.

मराठीत फाँटवर जास्त भार पडतो, त्याला कारण आहे. रोमन लिपीत मोठ्या आणि लहान लिपीची सोय आहे, शिवाय तिरपी अक्षरं तिथे चारशे-पाचशे वर्षं मुरलेली आहेत. देवनागरीत कॅपिटल नाहीत आणि इटॅलिकची परंपराही नाही. आवाज चढवायचा, उतरवायचा, हळवा करायचा, तर आपल्या हातात अक्षराचं वळण, जाडी, आकार आणि मोकळी जागा एवढंच असतं.

दुसरी पायरी: आकार आणि आठवण वेगळी करा

अक्षराचा सूर दोन ठिकाणांहून येतो. एक आकारातून: गोल टोकं मवाळ वाटतात, कापलेली टोकं करारी, बारीक-जाड रेघ हाताची आठवण देते, एकसारखी रेघ यंत्राची. दुसरा येतो आठवणीतून. ते वळण आपण आजवर कुठे पाहिलं, त्यावर.

मंगल हा फाँट याचं सर्वांत चांगलं उदाहरण. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी मोठे सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शाखेत त्यांनी शिकवलं. मंगल विंडोजसोबत आला आणि संगणकावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं राखणाऱ्या संकेतपद्धतीत, मराठी लिहिणाऱ्या लाखो लोकांचं पहिलं अक्षर ठरला. तो पडद्यासाठी केलेला, बारीक आकारात वाचता यावा म्हणून. पण पुढे प्रत्येक कार्यालयाचं पत्र, प्रत्येक परिपत्रक, प्रत्येक निविदा त्यातच निघू लागली. आज मंगलमध्ये लावलेली प्रेमकविता आवक-जावक क्रमांक शोधायला लावते. दोष आकाराचा नाही, सवयीचा आहे. म्हणून फाँट निवडताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: हा दिसतो कसा, आणि याने वाचणाऱ्याला काय आठवेल?

तिसरी पायरी: वळण ओळखा

इथे जरा थांबू, कारण गोंधळ इथेच होतो. फाँटच्या संकेतस्थळांवर सेरीफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेली अक्षरं), सॅन्ससेरीफ (बिनपायांची) असे कप्पे असतात. ही वाटणी रोमन अक्षरांची. मॅक्सिमिलियाँ व्हॉक्स या फ्रेंच माणसाने १९५४ मध्ये रोमन टाइपांचं वर्गीकरण मांडलं, १९६२ मध्ये एटिपआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते स्वीकारलं, आणि २०२१ मध्ये त्याच संस्थेने आपली मान्यता काढून घेतली. जगातल्या इतर लिप्या त्या कप्प्यांत बसत नाहीत, ही त्याबद्दलची मोठी तक्रार होती. देवनागरीला रोमनसारखे सेरीफ नसतातच. तिला शिरोरेघ असते. तिच्यावरून अक्षरं लोंबतात, रोमनसारखी खालच्या रेघेवर उभी राहत नाहीत.

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. शासकीय मुद्रणालयाचे संचालक राहिलेले बापूराव नाईक यांनी देवनागरी टाइपांचा प्रचंड अभ्यास १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केला. आयडीसीमध्ये गिरीश दळवी यांनी देवनागरी फाँटांचे गुणधर्म कसे मोजावेत आणि मांडावेत यावर पीएचडीचं काम केलं. पण रोजच्या कामाला मला मराठीतला एक जुना शब्द पुरतो: वळण. अक्षर कोणत्या हत्याराने वळलंय, एवढं बघायचं.

फाँट मोठा करून, साधारण शंभर पॉईंटला, "कमल भागवत" असं लिहा. आता शिरोरेघ आणि काना यांची जाडी सारखी आहे का? क च्या पोटात रेघ कुठे बारीक होते का? कान्याचं खालचं टोक तिरकं कापलंय, सपाट आहे की गोल? म आणि भ ची गाठ भरीव आहे की मोकळी? एवढ्यावरून वळण कळतं.

बोरूचं वळण. बोरू म्हणजे टोकाला तिरका काप दिलेली लेखणी. देवनागरीसाठीचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूचा असतो, म्हणून जाड-बारीक रेघांचा तोलही वेगळा पडतो. हेच वळण धातूच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या टाइपांत, उतरलं. जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्याआधी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली काम शिकले होते. निर्णयसागरच्या खिळ्यांत संस्कृत ग्रंथ छापले गेले, पोथ्या छापल्या गेल्या, आणि ते वळण आपल्या डोळ्यांत "जुनं, खरं, अधिकाराचं" म्हणून बसलं. आज हा सूर हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, किंवा आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका. श्रद्धांजली, प्रस्तावना, अभंग, वैचारिक लेख, मानपत्र, कादंबरीचा मजकूर यांना हे वळण शोभतं. सवलतीच्या जाहिरातीला लावू नका, दुकानदार प्रवचन देतोय असं वाटेल.

एकजाड वळण. सगळ्या रेघा जवळपास सारख्या जाडीच्या. एकटाइप या फाँट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे सगळे या घरातले. यांचा सूर बोलण्याचा, सरळ. मोबाईलवर वाचायचा मजकूर, सूचना, माहितीपत्रक, फॉर्म यांसाठी उत्तम. याच घरात पॉपिन्स आहे, पण तो कंपासने काढल्यासारखा नेमका आणि गार. नव्या कंपनीच्या नावाला छान दिसतो, पंधरा ओळींच्या परिच्छेदात दमवतो.

टोकाचा जाड-बारीक. रोझा वनमध्ये जाड रेघ खूप जाड आणि बारीक रेघ केसाएवढी. दागिने, पैठणी, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. मोठ्या आकारात दिमाखदार दिसतो, बारा पॉईंटला बारीक रेघा उडून जातात.

उभट, दाटीचं वळण. खंड, तेको. थोड्या जागेत मोठा आवाज. मथळ्याला ठीक, परिच्छेदाला कधीच नाही.

गुबगुबीत वळण. बालू आणि त्याहून भारी मोदक. मोदकमध्ये अक्षराच्या पोटातल्या पोकळ्या जवळपास मिटलेल्या आहेत, नाव अगदी जमलंय. बारसं, खाऊचं दुकान, बालवाडी.

पेंटरचं वळण. यात्रा वन हा फाँट मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. ज्यांनी त्या पाट्या पाहिल्यात त्यांच्या मनात तो थेट फलाटावर उतरतो. मिसळीच्या दुकानाला, मुंबईवरच्या प्रदर्शनाला तो बोलका होतो. ज्याने त्या पाट्या पाहिल्या नाहीत त्याला फक्त जाड ब्रश दिसेल, हेही धरून चाला.

हस्ताक्षर आणि हस्तलिखित. कलम हा बॉलपेनचा हात, चिठ्ठीसारखा, जवळचा. जैनी हा जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून केलेला, त्यामुळे एका शब्दातच जुना काळ उभा करतो. दोन्ही थोडके वापरा. पत्रिकेचा सगळा मजकूर कलममध्ये लावला की आमंत्रण न राहता घाईत लिहिलेला निरोप होतो.

मराठीत या सगळ्याचं मोठं शाळाघर रंगभूमीच्या जाहिरातींत होतं. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं हाताने काढली, आणि प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचं अक्षर दिलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या नाटकांच्या पानावर नजर टाका. नाटक गंभीर की फार्स, हे नाव नीट वाचायच्या आधीच कळतं. फाँटच्या कुठल्याही वर्गापेक्षा त्या पानाने मला जास्त शिकवलं.

चौथी पायरी: फाँटला मराठी येतं का ते तपासा

वळण आवडलं म्हणजे झालं नाही. पुष्कळ देवनागरी फाँट मुळात हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. ल आणि श बघा. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयानेही हीच रूपं धरली. हिंदीच्या वळणात ल ला उभा दंड असतो. वाचणारा हे बोलून दाखवणार नाही, पण "लग्न" आणि "शुभ" हे शब्द त्याला परक्या घरचे वाटतील.

बऱ्याच चांगल्या फाँटांत दोन्ही रूपं आत असतात, फक्त सांगावं लागतं. इनडिझाइनसारख्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. संकेतस्थळ असेल तर पानाच्या भाषेची खूण हिंदीची नको, मराठीची हवी. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि अक्षरं लगेच बदललेली दिसतात.

दुसरी कसोटी अर्ध्या र ची. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावलं तर व्याख्यान होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. ज्या फाँटला हा आडवा र येत नाही तो तुमच्या मजकुराचा अर्थच फिरवतो. तिसरी कसोटी ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत ॲडव्होकेटच्या जागी रिकामी चौकट उमटते.

मी प्रत्येक नव्या फाँटमध्ये आधी ही ओळ लावतो, तुम्हीही वापरा: "महाराष्ट्रभरातल्या दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलमंदिराशेजारी ॲड. लक्ष्मीताईंच्या ऑफिसात श्रद्धेने शुद्ध पाणी आणि ज्ञानेश्वरी मिळाली." यात काही फुटलं नाही, तर फाँट कामाचा.

पाचवी पायरी: जोडाक्षरांकडे बघा

जोडाक्षर एकाखाली एक रचलेलं असेल तर सूर पारंपरिक होतो, पाय मोडून शेजारी ठेवलेलं असेल तर पाठ्यपुस्तकी होतो. दोन्हींना जागा आहे. मुलांच्या पुस्तकात "शुद्‌ध" असं सुटं लिहिलेलं वाचायला सोपं जातं. पण आषाढीच्या पत्रिकेवर विठ्ठलाचा ठ जर पाय मोडून "विठ्‌ठल" असा आला, तर त्या नावाला ठेच लागल्यासारखं दिसतं. "श्रद्धांजली" या शब्दातही असाच एक द्ध आहे. त्या कार्डासाठी मी चार फाँटांत फक्त हा एकच शब्द लावून बघितला. एकात ध फार बारीक होऊन द च्या पोटाखाली हरवला, एकात द पाय मोडून आला, एकात नीट होता पण काना इतका जाड की शब्दाची जणू भिंत झाली. टिरोमध्ये द खाली ध शांतपणे बसला. निवड तिथेच झाली.

सहावी पायरी: जाडी, आकार, ओळींतलं अंतर

फाँट बरोबर असूनही इथे सूर बिघडतो. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतो. इंग्रजीसाठी ठरलेलं ओळींतलं अंतर तिला पुरत नाही. बारा पॉईंटच्या मजकुराला सतरा-अठरा पॉईंटची ओळ द्या. घाईच्या सूचनेला थोडं कमी चालेल, कवितेला आणि दुःखाला जास्त हवं. मोकळी जागा म्हणजे बोलताना घेतलेला श्वास.

जाडीच्या बाबतीत एक नियम मी मोडत नाही. फाँटच्या कुटुंबात खरी बोल्ड फाईल नसेल तर बोल्डचं बटण दाबायचं नाही. सॉफ्टवेअर मग रेघा नुसत्या फुगवतं आणि "राष्ट्र"मधल्या पोकळ्या भरून काळा डाग होतो. तिरपं करायचं बटणही तसंच: शिरोरेघेखाली लोंबणारी अक्षरं वाऱ्याने कलल्यासारखी दिसतात.

आणि अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवू नका. इंग्रजी मथळ्यात अक्षरं लांब लांब ठेवली की रुबाब येतो, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन्ही बाजूंनी समान ओळी लावताना सॉफ्टवेअर हे गुपचूप करतं, म्हणून इनडिझाइनमध्ये अक्षरांतर शून्यावर बांधून ठेवा आणि ताण फक्त शब्दांमधल्या जागेवर जाऊ द्या.

सातवी पायरी: दोनच आवाज

एका कार्डावर दोन फाँट पुरे. एक बोलणारा, एक नाव पुकारणारा. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं रोझा वनमध्ये आणि बाकी मजकूर मुक्तामध्ये, एवढं बसतं. दोन फाँट घेताना ते स्पष्ट वेगळे घ्या. मुक्ता आणि हिंद शेजारी ठेवले तर वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलंय, काय ते सांगता येत नाही. इंग्रजी शब्द मध्ये येणार असतील तर त्याच फाँटातली रोमन अक्षरं वापरा आणि ती देवनागरीपेक्षा मोठी दिसत नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा.

आठवी पायरी: छापून हातात घ्या, मग पाठवा

पडद्यावर दीडशे टक्के करून पाहिलेलं काही खरं नसतं. खऱ्या आकारात कागदावर काढा, हातभर अंतरावर धरा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचायला द्या. डोळे बारीक केले तर आकार वाढवा. फ्लेक्स असेल तर कागद भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. मग पहिल्या पायरीला समासात लिहिलेला शब्द काढा आणि कागदाशेजारी ठेवा. माझ्या त्या कार्डाच्या समासात "आठवण" असं लिहिलं होतं. टिरो देवनागरी मराठी, नाव अठरा पॉईंट, मजकूर चौदा, ओळ बावीस, दोन्ही बाजूंना भरपूर पांढरं, काळ्याऐवजी गडद राखाडी. मुलाने रात्री साडेअकराला प्रूफ हातात घेतलं, वडिलांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि "छापा" म्हणाला.

छापायला पाठवताना फाईल पीडीएफ करूनच द्या आणि फाँट आत बसवला आहे याची खात्री करा, नाहीतर छापखान्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसला की तिथे दुसराच कुठला तरी चढतो. फ्लेक्सवाल्याला देताना अक्षरांच्या रेघा (आउटलाइन) करून द्या, पण मूळ फाईल जपून ठेवा, वर्षश्राद्धाला तीच लागते. श्रीलिपी किंवा सीडॅकचे सुरेख-योगेश अशा, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर नव्या फाँटात सरळ चिकटवला तर रोमन अक्षरांचा खिचडा येतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर पुन्हा एकदा पूर्ण वाचा, कारण बदलताना रफार जागा सोडतात. वर नावं घेतलेल्यांपैकी मुक्ता, हिंद, बालू, मोदक, खंड, कलम, जैनी, यात्रा वन, रोझा वन, पॉपिन्स, टिरो हे सगळे गूगल फाँट्सवर मुक्त परवान्याने फुकट मिळतात आणि धंद्याच्या कामालाही चालतात.